उंदराला ओकता येत नाही

प्रिय दीडशहाण्या,

ही हाक ऐकली की लहानपणी तू भोकाड पसरून आईकडे जायचास. आता आई नाही आणि तू कारखान्याचा मालक आहेस, तेव्हा निमूट पुढे वाच. माझा फोन तू उचलत नाहीस, चुकून उचललास तर माझा आवाज ऐकताच बंद करतोस, म्हणून ही कागदाची कटकट. पत्र थेट तुझ्या बायकोच्या हातात पडेल अशी व्यवस्था केली आहे, आणि तू शेवटची ओळ वाचेपर्यंत तिने तुझ्यासमोरून उठायचं नाही असं बजावलं आहे. फाडून टाकायचा विचार असेल तर सोड, मी याची दुसरी प्रतही तिच्याकडे दिली आहे. तुला मी चांगली ओळखते.

आधी तुझ्या त्या माहितीपत्रकाचं बोलू. काय तो गुळगुळीत कागद! वर हिरवं पान, पानावर दवाचा थेंब, आणि खाली तू. पांढराशुभ्र सदरा, घरात बसूनही डोळ्यांवर रंगीत चष्मा, आणि दोन बोटांत कॅप्सूल अशी धरलेली की बघणाऱ्याला वाटावं, हिराच सापडला. त्याखाली ठळक अक्षरांत, निसर्गात विष नसतं. हे वाक्य कोणी लिहून दिलं रे तुला? तूच लिहिलं असशील. एवढी अक्कल गहाण टाकलेला दुसरा माणूस भाड्याने मिळणं कठीण. आपल्या कुंपणाला कण्हेर होती, आठवते? शेजाऱ्यांच्या शेळीने ती ओरबाडली आणि संध्याकाळच्या आत पाय ताणून पडली. खड्डा खणायला फावडं घेऊन तूच धावला होतास, आणि शेळीला मूठमाती देताना ढसाढसा रडलाही होतास. ती शेळी काय निसर्गाबाहेरचं काही खाऊन मेली? पण नाही, तेव्हा तुला अक्कल होती. ती पुढे कुठे सांडलीस कोण जाणे.

पत्रकाच्या आतल्या पानावर तू बाबांचाही फोटो टाकला आहेस आणि त्यांच्या हातात कुठूनसा चकचकीत पितळी खलबत्ता आणून चिकटवला आहेस. बाबांनी जन्मात खलबत्ता धरला नाही. मुळ्या आणि साली ते मागच्या अंगणातल्या कपडे धुवायच्या दगडावर ठेचायचे आणि आईने टाकून दिलेल्या काळ्या पातेल्यात उकळायचे. सांधे दुखतात? काढा. पोट बिघडलंय? काढा. पोरगी सासरी नांदत नाही म्हटलं असतं तरी बहुधा काढाच दिला असता. बाबा प्रेमळ होते, कोणाला रिकाम्या हाती पाठवायचे नाहीत, हे सगळं खरं. पण त्या मुळीत काय आहे ते त्यांना कळत होतं असं मला कधीच वाटलं नाही. हे मी तुला आजवर बोलले नव्हते, कारण बाबांचं नाव काढलं की तुझे डोळे भरून येतात आणि मग तुझ्याशी बोलण्यात अर्थ राहत नाही.

आणि त्या फोटोत तू एक वस्तू विसरलास. बादली. पुढच्या खोलीत बाकाशेजारी कायम ठेवलेली ती निळी बादली, जिची कड एका बाजूने उडाली होती. माणूस काढा घ्यायचा, तोंड वाकडं करायचा, थोडा वेळ छातीवर हात ठेवून बसायचा आणि मग बादलीत मान घालायचा. बाबा त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायचे, पडू दे, पडू दे, घाण पडतेय सगळी. माणूस घामाघूम होऊन, हलका होऊन घरी जायचा, आणि दुसऱ्या दिवशी सांगत फिरायचा की काय औषध आहे, पोटातून ओढून काढतं! बादली धुवायला मात्र मी. तू नाक दाबून गच्चीवर पळायचास. तेव्हा त्या बादलीबद्दल तुझ्यापेक्षा मला जास्त माहिती आहे हे तरी मान्य कर. काढ्याचा बहुतेक भाग त्या बादलीतच जायचा. पोटात राहायचा तो घोटभर.

आता तुझा शोध. बाबांनी हयातभर जे केलं नाही ते तू केलंस. त्यांच्या काढ्यातल्या मुळीचा दाट अर्क काढलास, तो वाळवून भुकटी केलीस, ती कॅप्सूलमध्ये भरलीस आणि कॅप्सूलला असं वेष्टण दिलंस की ती जठरात फुटतच नाही, पुढे आतड्यात जाऊन फुटते. मळमळ नाही, उलटी नाही, असं खोक्यावर हिरव्या रंगात छापलंस आणि छाती फुगवून सगळ्या नातेवाइकांत मिरवलंस. एकाही शहाण्याने तुला विचारलं नाही की बाबा रे, जे अंग इतक्या वर्षांपासून बाहेर फेकत आलं आहे ते आत कोंडून तू काय साधतो आहेस? सगळे म्हणाले, वा, पोराने वडिलांचं नाव काढलं. तू बादली तेवढी काढून टाकलीस, दुसरं काही केलं नाहीस.

मग कायदा आडवा आला. विकायचं तर आधी प्राण्यांवर तपासणी हवी. गावभर लॅब असताना तू नेमकी आमची निवडलीस, कारण तुझा हिशेब साधा होता, ताई आहे, ताई सांभाळून घेईल. मी त्याच दिवशी लॅबच्या साहेबांना सांगितलं होतं की हा माझा सख्खा भाऊ आहे, हे काम दुसऱ्या कोणाला द्या. साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, तुमचा स्वभाव बघता त्याचं काही खरं नाही, तुम्हीच करा, फक्त दुसरा एकजण शेवटी सगळं पडताळून बघेल. साहेबांना माणसं कळतात. तुला घरातलं माणूसही कळलं नाही.

तेव्हा आता ऐक, मी काय केलं ते. पांढरे उंदीर घेतले, चार गट केले. एकाला थोडा अर्क, एकाला मध्यम, एकाला जास्त, आणि चौथ्याला नुसतं पाणी. शेपटीवर खुणा केल्या. रोज सकाळी वजन आणि मग डोस. उंदराला चमच्याने पाजता येत नाही हे तुला तरी माहीत असेल. मान आणि पाठीची कातडी चिमटीत धरायची, टोकाला बारीक गोळी असलेली बोथट सुई जिभेवरून अलगद घशात उतरवायची, आणि अर्क थेट पोटात सोडायचा. घाई केली तर सुई श्वासनळीत जाते आणि उंदीर हातातच संपतो. माझ्या हातून असं होत नाही. याला शेखी म्हण हवं तर.

उंदीर फार नेटका प्राणी आहे. बरा असला की सारखा तोंड धूत बसतो, पुढचे दोन्ही पंजे ओले करून कानांमागून फिरवत. आजारी पडला की पहिल्यांदा हेच सोडतो. जास्त डोसवाल्यांनी तोंड धुणं सोडलं. मग अंगावरचे केस पिंजारले, मग ते पिंजऱ्याच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसायला लागले, भुशात दाणे तसेच पडून. पांढऱ्या उंदराचा कान उजेडात धरला की गुलाबी दिसतो. यांचे कान पिवळे दिसायला लागले. मग एकेक करून ते मेले. उघडून बघितलं तर यकृताचा रंग उडालेला, वर डाग, आणि कापायला गेलं की ओल्या खडूसारखं तुटणारं. मध्यम डोसवाले मेले नाहीत, पण यकृतं त्यांचीही सुजलेली. पाण्यावरचे मात्र गलेलठ्ठ, आजही तोंड धूत बसले आहेत.

आणि आता या सगळ्या धंद्यात जी एक गोष्ट तुझ्या टाळक्यात शिरायला हवी होती ती. उंदराला ओकता येत नाही. त्याच्या अंगात ती सोयच नाही. पोटात गेलं ते गेलं, ते सोसायचं किंवा मरायचं. बाबांचा काढा त्याच दाटपणाने उंदराला दिला असता तर उंदीर तेव्हाही मेले असते, बाबांची माणसं वाचली ती बादलीमुळे. आणि तू कॅप्सूलला वेष्टण चढवून धडधाकट माणसांचे उंदीर करायला निघाला आहेस. वर तोंड वर करून म्हणतोस, उंदीर म्हणजे माणूस नव्हे. नव्हेच! म्हणून तर माणूस जगत होता.

गेल्या महिन्यात तू लॅबमध्ये आलास तो प्रसंग तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. अंगावर अत्तर इतकं की उंदरांना वासाचा त्रास नको म्हणून दारातल्या शिपायाने तुला पुन्हा बाहेर काढून हात-मान धुवायला लावली. बुटांवर चढवलेली आमची निळी पिशवी, डोक्याला टोपी, आणि तरीही तो रंगीत चष्मा काढवेना. नळीच्या दिव्याखाली कुठलं ऊन लागत होतं तुला? मला वाटलं, मालक झाल्याची ऐट. चेहरा रापलेला दिसला, वाटलं, जाहिरातीसाठी उन्हातान्हात फिरतोयस. पट्टा आतल्या भोकावर ओढलेला दिसला, वाटलं, व्यायामाचं नवं खूळ. कँटीनमधून चहा मागवला तर नको म्हणालास. दुसऱ्याच्या घरी न विचारता दोन कप पिणारा तू! म्हटलं बरोबर आहे, आमचा पाणचट चहा आता मालकसाहेबांना कसा चालेल.

मग तू मुद्द्यावर आलास. जास्त डोसचा गट अहवालातून वगळायचा, आणि तेवढं जमत नसेल तर ते उंदीर सुई चुकून श्वासनळीत गेल्यामुळे मेले असं लिहायचं. म्हणजे तुझ्या मुळीचं खापर माझ्या हातावर. ज्या हातांनी तुला घास भरवले, ज्यांनी ती बादली धुतली, त्या हातांवर. मी त्या प्रत्येक उंदराची फुप्फुसं उघडून पाहिली होती, स्वच्छ होती, अर्काचा थेंब नव्हता त्यांत. मला तेव्हा राग आला नाही बघ. राग यायला समोर कोणीतरी बरोबरीचं लागतं. मला नुसती शिसारी आली.

आणि तेव्हाच तू ते वाक्य बोललास. म्हणालास, ताई, विष असतं तर मी स्वतः घेतलं असतं का, पहिल्या दिवसापासून घेतोय, रोज सकाळी दोन. आणि बोलता बोलता कोपर खाजवायला लागलास. मला हसू आवरेना. आई आपल्या दोघांना समोर उभं करून जाब विचारायची तेव्हा ती तुझ्या तोंडाकडे बघायचीच नाही, कोपराकडे बघायची. साखरेचा डबा, फुटलेली बरणी, बुडवलेली शाळा, तुझं प्रत्येक खोटं तुझ्या कोपराने कबूल केलेलं आहे. आणि त्या दिवशी तू नुसतं कोपर नाही, दोन्ही हात, मान, पाठीचा पोहोचेल तेवढा भाग खाजवत होतास. मी तोंडावर हसले. सगळ्यांसमोर म्हणाले, आधी खाजवणं थांबव, मग थापा मार. तुझा चेहरा पडला. तसाच उठून निघून गेलास, आणि पुढे आठवडाभर मी मैत्रिणींना नक्कल करून दाखवत होते की आमचे बंधुराज कसे अंगभर खोटं बोलतात.

अहवाल गेला आहे, तेही सांगून टाकते. जास्त डोससकट, पिवळ्या कानांसकट, माझ्या सहीने, आणि पडताळणाऱ्याच्याही सहीने. तुझी कॅप्सूल बाजारात येणार नाही. आदळआपट कर, वकील गाठ, सगळ्या नातेवाइकांत माझ्या नावाने बोंबल, मला काडीचा फरक पडत नाही. म्हणजे तुझी मनधरणी करायला किंवा तुला चार शब्द सुनावायला हे पत्र लिहिलं असं समजू नकोस. त्यासाठी मी शाई वाया घालवली नसती.

काल दुपारी तुझ्या बायकोचा फोन आला. तुझ्याविषयी काही सांगायला नाही, बिचारीने मलम विचारायला केला होता. म्हणाली, ताई, तुमच्या लॅबमध्ये खाजेवर काही चांगलं असेल तर सांगा, ह्यांना अंगभर खाज सुटते, साबण बदलून बदलून थकले, झोपेतही ओरबाडतात, पुरळ म्हणावं तर एक नाही. मी सहज विचारलं, जेवतो का नीट? म्हणाली, अन्नाचा वास नको म्हणतात, चहासुद्धा सोडला. आणि चष्मा? म्हणाली, डोळे मळकट दिसतात म्हणून फोटोवाल्याने घालायला दिला होता, तो आता काढतच नाहीत. पुरळाशिवाय खाज, अन्न नकोसं, डोळे मळकट, यकृत बिघडलं की हेच होतं. मग मी विचारलं, कॅप्सूल घेतो का तो खरंच? तर ती म्हणाली, म्हणजे काय, सगळ्यांच्या आधी स्वतःच सुरू केली, म्हणाले, बाबांचं औषध लोकांना द्यायचं तर आधी माझ्या पोटात जायला हवं. रोज सकाळी दोन, बाबांच्या फोटोपुढे उभं राहून. अरे गाढवा! अरे मूर्ख माणसा! तू खरं बोलत होतास. जन्मात पहिल्यांदा तू कोपर खाजवत खरं बोललास आणि मी, जिने आयुष्य यकृतं कापण्यात घालवलं, जिला पांढऱ्या उंदराच्या कानावरची पिवळी छटा लांबून दिसते, ती तुझ्यासमोर बसून हसले. मी तिला लगेच सांगितलं की दवाखान्यात ने, तर तू म्हणालास म्हणे, ताईने पढवलंय, ती जळते माझ्यावर. जळते हो, फार जळते. मला भीती वाटते आहे, एवढंच लिहिते. आता चष्मा काढ. खिडकीपाशी जाऊन उजेडात उभा राहा आणि बायकोला तुझ्या डोळ्यांत बघू दे. तिला मी सांगून ठेवलं आहे काय बघायचं ते. आज सकाळच्या दोन घेतल्या नसशील तर घेऊ नकोस, घेतल्या असशील तर डॉक्टरांना सांग, आणि उरलेला डबा बरोबर आण, त्यांना दाखवायला लागेल. वाटल्यास मला शिव्या देत ये, वाटेत एक शब्द बोलू नकोस, माझं तोंड बघू नकोस, पण ये. मी दवाखान्याच्या दारात उभी आहे. पत्र घेऊन आलेला आमचा ड्रायव्हर खाली थांबला आहे, तुला घेतल्याशिवाय परत यायचं नाही असं त्याला सांगितलं आहे. गाडी लॅबचीच आहे, पिंजरे आणायची, आत उंदरांचा वास येईल. नाक दाबून बस.

तुझीच, तुला काही झालं तर कोणावर ओरडायचं हे न कळणारी,
ताई